दफ्तरखान्याची उंची

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा तेथील एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनी आगारात जमा असलेली सुमारे नऊ लाख रुपयांची रोकड उचलली, आणि पाण्यात बुडत चाललेल्या एका बसच्या टपावर चढून, भर पावसात, जवळजवळ नऊ तास ते ती सांभाळीत बसले. ही हकिकत त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाली, तिची प्रशंसाही झाली. आणि सार्वजनिक द्रव्य प्राणापलीकडे जपणाऱ्या मनुष्यापुढे कोणाचेही मस्तक नम्र व्हावे, हे योग्यच आहे. परंतु ती वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पाणी उंबरठ्याशी आल्यावर तिजोरी कोठे न्यावयाची, नोंदवह्या कोणी उचलावयाच्या, किल्ली कोणाजवळ असावयाची, हे आधीच ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असलेले आहे, अशा कचेऱ्या आपल्या नगरपरिषदांत, पंचायत समित्यांत आणि तहसिलींत किती निघतील, आणि ज्या कचेऱ्यांचे सारे भवितव्य त्या दिवशी हजर असलेल्या एखाद्या मनुष्याच्या धैर्यावर टांगलेले आहे, अशा किती निघतील?

आपत्तीत जिने लोकांच्या मदतीला धावावयाचे, ती संस्था स्वतःच आपत्तीच्या तडाख्यात सापडलेली असते, ही गोष्ट आपल्या नियोजनात फार थोडी उतरली आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३२ ने जिल्ह्यातील प्रत्येक शासकीय कार्यालयावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आपापला आराखडा तयार करण्याचे आणि तो वेळोवेळी सुधारण्याचे बंधन घातले आहे. अशा आराखड्यांत होड्या असतात, दोर असतात, निवाऱ्यासाठी शाळांची यादी असते, दूरध्वनींचे क्रमांक असतात. नसते ती एवढीच गोष्ट, की ज्या इमारतीतून हे सारे हलवावयाचे ती इमारतच पाण्यात गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी कोठे भरणार.

आणि त्या इमारतीत काय असते, याचा विचार केला म्हणजे मन अस्वस्थ होते. जन्ममृत्यूच्या नोंदी, मालमत्तेच्या आकारणीची पुस्तके, बांधकामाचे परवाने, जुने नकाशे, फेरफाराचे कागद, ठरावांची इतिवृत्ते. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो, तेव्हा ज्याचे घरच वाहून गेले त्याच्या हाती एकही कागद उरलेला नसतो. तो येथे राहत होता, हे घर त्याचे होते, त्याच्या बापाच्या पश्चात ते त्याच्या नावे झाले होते, याला सरकारदफ्तरी असलेली नोंद हाच एकमेव आधार राहतो. ती नोंदही त्याच पुरात भिजून लगदा झाली, तर त्या गरीब मनुष्याचे घर दोनदा बुडाले, असेच म्हटले पाहिजे. धनवानाच्या कागदांच्या प्रती वकिलाकडे असतात, बँकेत असतात. दफ्तर नष्ट झाल्याची झळ लागते ती ज्याच्याजवळ दुसरी प्रत नाही त्याला.

यावर कोणी म्हणेल, की आता सातबारा संगणकावर आला. आला, आणि ते मोठेच काम झाले. पण संगणकाच्या नोंदींची राखीव प्रत जर त्याच खोलीतल्या त्याच कपाटात राहणार असेल, तर पाणी कागद आणि यंत्र यांत भेद करीत नाही. आणि अग्नीही करीत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा खाक झालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी दुय्यम कार्यालयांत पडून असलेल्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. राज्याच्या मुख्य कचेरीला खालचे दफ्तर उपयोगी पडले. नगरपरिषदेचे दफ्तर गेले तर तिने कोणाकडे पाहावे?

कागदाहून नाजूक असे दुसरे एक दफ्तर असते, ते माणसांच्या डोक्यातले. लहान शहरांत जमिनीखालची जलवाहिनी कोठे वळते, कोणती झडप बंद केली असता कोणत्या गल्लीचे पाणी तुटते, हे पुष्कळदा एखाद्या जुन्या व्हॉल्व्हमनलाच ठाऊक असते. नकाशा असला तरी तो तीस वर्षांपूर्वीचा असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून पुणे जलमय झाले, आणि पाणीपुरवठाही त्याच खडकवासल्यातून होत असल्यामुळे महापुराच्या पाठोपाठ त्या शहरावर पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करण्याची पाळी आली. अशा वेळी तो व्हॉल्व्हमन स्वतःच्या बुडालेल्या घराच्या माळ्यावर मुलांना घेऊन अडकलेला असेल, याची कल्पना किती अधिकाऱ्यांनी करून ठेवली आहे? त्याच्याबरोबर वर्षभर एखादा तरुण हिंडला आणि त्याने ते सारे कागदावर उतरवून घेतले, तर त्याला खर्च असा काय येणार?

अधिकाराचेही तसेच आहे. मुख्याधिकारी परगावी असतील आणि घाटातला रस्ता खचलेला असेल, तर तातडीच्या खर्चावर सही कोणाची? कार्यभार क्रमाने कोणाकडे जाईल, अशी तीन नावे लेखी आदेशाने आधीच जाहीर झालेली असावीत आणि त्या तिघांना आपल्या अधिकाराची मर्यादा ठाऊक असावी. नाही तर डिझेलच्या चार पिंपांसाठी जिल्ह्याच्या आदेशाची वाट पाहण्यात पहिला दिवस निघून जातो, आणि जीव वाचविण्याचा खरा दिवस तोच असतो.

नदीकाठी नागरिकांनी कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये, हे ठरविण्यासाठी शासनाने पूररेषा आखल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. येत्या मे महिन्यातील मान्सूनपूर्व बैठक नदीकाठच्या प्रत्येक नगरपरिषदेने सभागृहात न घेता आपल्या दफ्तरखान्यात घ्यावी. त्या दोन्ही रेषा तेथल्या भिंतीवर रंगाने ओढाव्यात, आणि लाल रेषेच्या खाली जे रुमाल, जी कपाटे, जो जनरेटर येईल, ते सर्व बैठक उठण्यापूर्वी वरच्या मजल्यावर नेण्याचा हुकूम तेथल्या तेथे लिहून त्यावर सही करावी.