स्क्रीनचा पडदा लागला, पण लॅपटॉपला ते ठाऊक आहे का?

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम कोल्हापुरात सुरू झालं. पक्षकारांची कागदपत्रं लॅपटॉपवर उघडायला आता कोर्टातला बाक, सीबीएस स्टँड, महालक्ष्मी एक्सप्रेस अशी कोणतीही जागा चालते. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातही तेच. पुढच्या माणसाचा आधार नंबर मागे उभ्या असलेल्याला सहज वाचता येतो. पासवर्ड कितीही भक्कम ठेवा, शेजाऱ्याच्या नजरेला पासवर्ड लागत नाही.

यावर लॅपटॉप कंपन्यांनी तोडगा काढला. एचपीने 2016 मध्ये थ्रीएमचं तंत्रज्ञान वापरून 'शुअर व्ह्यू' स्क्रीनमध्येच बसवलं. लेनोवोच्या काही थिंकपॅडमध्ये 'प्रायव्हसीगार्ड' येतं. बटण दाबलं की समोरच्याला स्क्रीन नीट दिसते, बाजूच्याला दिसत नाही.

अडचण इथेच आहे. समोर बसणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. मग पडदा लागलाय की नाही, हे कळणार कसं? ते सांगायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. फुकट मिळणाऱ्या लिनक्समध्ये यासाठी सगळ्या कंपन्यांना चालेल अशी सामायिक व्यवस्था मार्च 2022 मध्ये, 5.17 या आवृत्तीत आली. रेड हॅटचे हान्स द खूडे आणि गुगलचे रजत जैन यांचा त्या कामात मोठा वाटा होता.

या व्यवस्थेत दोन वेगळ्या नोंदी असतात. एक, वापरणाऱ्याने काय मागितलं. दुसरी, पडदा खरोखर कोणत्या स्थितीत आहे. कधी यंत्रानेच तो कुलूपबंद केलेला असतो, तेव्हा मागणी एक आणि वस्तुस्थिती दुसरी असू शकते. फक्त पहिली नोंद दाखवली, तर माणूस निर्धास्त राहतो आणि स्क्रीन उघडीच.

ऑफिसात वापरलेले लॅपटॉप रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात, मुलांच्या शिक्षणासाठी आपण ते घेतो आणि खर्च वाचवायला लिनक्स टाकतो. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारा: या मॉडेलमध्ये पडदा आहे का? आपल्या सिस्टिमवर तो चालू-बंद होतो का? मग स्वतः बाजूला उभं राहून बघा. पडदा नसेल तर वरून लावायचा प्रायव्हसी फिल्टर मिळतो. मात्र बरोबर पाठीमागे उभ्या असलेल्याला दोन्ही अडवत नाहीत. दुकानात पाठ भिंतीकडे येईल असं टेबल लावणं हाच त्यावर उपाय.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहिती सांभाळण्याची जबाबदारी हा कायदा ती घेणाऱ्यावर टाकतो. कायद्याचं कलम माहीत नसलं तरी चालेल. गिऱ्हाइकाने हातात दिलेला कागद ही अमानत असते, आणि स्क्रीनवर गेला म्हणून ती अमानत संपत नाही.