डिकीतला पुठ्ठा

दिवाळीत बुलढाण्याला घरी गेले, तर बाबांच्या मारुती ८००च्या डिकीत टीव्हीच्या खोक्याचा एक मोठ्ठा पुठ्ठा. म्हटलं, हे काय? बाबा ओशाळून म्हणाले, ''कोणाकडे गेलो की गाडीखाली टाकतो. उगाच लोकांच्या फरशीवर डाग नको.''

बॉस, विषय सीरियस होता! गाडी २००६ सालची. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. मारुतीने ८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबवलं, पण बाबांसाठी ती अजून 'नवी गाडी'च. आणि डागाच्या लाजेपायी त्यांनी मलकापूरच्या आत्याकडे जाणंच बंद केलं होतं.

असं नाही की इलाज केला नाही. एकाने चेंबरचं पॅकिंग बदललं. दुसऱ्याने गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील बदललं. साडेसहा हजार गेले, डाग तिथेच! मी तर सरळ म्हटलं, ''बाबा, विकून टाका ना आता.'' ते काहीच बोलले नाहीत. ते काहीच न बोलणं फार लागलं, यार.

मग काय, दुसऱ्या दिवशी मीच गाडी काढली. राजूर घाट चढून परत येताना जळक्या तेलाचा वास सुरू. गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी इंजिन नीट धुऊन, पुसून कोरडं केलं. मग म्हणाले, ''जा, धा-पंधरा किलोमीटर फिरवून आना.''

परत आल्यावर बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत गेले. टॅपेट कव्हरच्या कडेला ओलसर चकाकी! ''तेल वरतून गयते ताई, अन् तुमी खालचं बदलवता.''

फंडा सोप्पा आहे. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे उडतं. त्यामुळे थेंब पडतो तिथे भोक नसतं. सगळ्यात उंचावरची ओली जागा शोधायची. तेच तेल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडलं की जळका वास.

पण खरी मेख पुढेच होती. इंजिनात तयार होणारा गॅस बाहेर काढणारा ब्रीदर पाइप काळ्या चिखलाने जाम झाला होता. आतला दाब कुठे जाणार? तो तेलाला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर काही महिन्यांत पुन्हा तेच! पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह साफ केला, कव्हर घासून नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट बेताने आवळले. जोर लावला की कव्हर वाकतं आणि गळती वाढते. बिल हजाराच्या आत!

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा:

• डिपस्टिक दर आठवड्याला बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. तो लागला की लगेच इंजिन बंद.

• कुठलंही पॅकिंग बदलण्याआधी 'इंजिन धुऊन बघू या' म्हणा.

• ब्रीदर साफ करूनही दाब राहिला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असू शकतात. मग मात्र खर्चाचा हिशेब मांडून निर्णय घ्या.

मी पुण्याला परतले. आठवडाभराने ऐन मीटिंगमध्ये बाबांचा फोन. घाबरून बाहेर येऊन उचलला.

''आत्याकडे आलोय गं. रात्रभर गाडी इथेच उभी होती.''

''मग?''

''पुठ्ठा कोरडा आहे!''