पुसलेली नोंद आणि सैन्यभरतीचा अर्ज

तलासरीचा एखादा तरुण सैन्यात भरती होण्यास निघतो, तेव्हा चारित्र्यपडताळणीच्या अर्जातील एका प्रश्नापाशी त्याची लेखणी अडते: आपणांस कधी अटक झाली होती काय, आपणांवर कधी खटला चालला होता काय? बांधावरच्या भांडणात नाव गोवले गेले, न्यायालयाने निर्दोष सोडले. आता ते पुन्हा कशाला लिहावयाचे, असे घरची वडील माणसे म्हणतात. आम्हांस हा सल्ला घातक वाटतो. निर्दोष सुटल्याने खटला झालाच नव्हता असे होत नाही, आणि प्रश्न तर खटल्याविषयीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगितले की, जे स्पष्टपणे विचारले आहे त्याचे उत्तर खरेच दिले पाहिजे. तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणातील गोपन क्षम्य मानता येईल, एवढी सवलत त्याच निकालात आहे; परंतु ती नेमणूक करणाऱ्याच्या विवेकावर! तिच्यावर विसंबून कोणी जागा कोरी सोडू नये. निकालपत्राची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी.

बालवयातील प्रकरणाची गोष्ट निराळी. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे कलम २४ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते व अभिलेख नष्ट करावयास सांगते. सज्ञान म्हणून खटला चाललेली सोळा वर्षांवरील मुले तेवढी अपवाद. कायद्याने पुसलेले अर्जाने उकरू नये, आणि तशी सूचना प्रश्नाच्या शेजारीच छापलेली असावी, अशी आमची मागणी आहे. तोवर अशा मुलाने सही करण्यापूर्वी विधिसेवा समितीकडे जाऊन आपला निकाल दाखवावा. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांस तेथे विनामूल्य सल्ला मिळतो.