टाके घालून घरी गेल्यावर

चामखीळ, मस, चरबीची गाठ, पायाचे कुरूप, कानाच्या पाळीचे ओघळलेले भोक. ही कामे आता पंधरा-वीस मिनिटांत होतात. जागा बधिर करायची, काम उरकायचे, पट्टी लावायची आणि रुग्णाने चालत घरी जायचे. एके काळी चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधून ती गळून पडण्याची वाट पाहत, नाहीतर चुना आणि पापडखार लावून कातडी जाळून घेत. त्या मानाने आपण बरेच पुढे आलो आहोत. परंतु पट्टी लावल्यानंतरचे पंधरा दिवस मात्र बहुतेक घरांत अजून जुन्याच समजुतींवर निघतात, आणि जखम बिघडते ती त्या पंधरा दिवसांत. माझ्या दवाखान्यात अशा ज्या बिघडलेल्या जखमा येतात, त्यांत मूळ शस्त्रक्रियेत खोट असलेल्या थोड्या. घरी काय लावले गेले याची कहाणीच लांबलचक असते.

सर्वांत घट्ट समजूत पाण्याची. "डॉक्टर, आठ दिवस थेंब लागू दिला नाही," असे रुग्ण अभिमानाने सांगतो. पट्टी सोडावी तर आत घाम, मळ, वाळलेले रक्त आणि पावडर यांचा थर. शस्त्रक्रिया करणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर पहिली पट्टी एक दिवस तशीच कोरडी ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून साधा साबण आणि पाणी यांनी जखम हलक्या हाताने रोज धुवावी, स्वच्छ कापडाने टिपून घ्यावी, चोळू नये. पिण्यालायक नळाचे पाणी यासाठी पुरते. पावसाळ्यात पाणी गढूळ आले किंवा पिंपात साठवलेले असेल, तर उकळून गार केलेले घ्यावे. टाके आहेत म्हणून आंघोळ वर्ज्य नाही. मात्र बादलीत पाय बुडवून बसणे, विहिरीत वा नदीत पोहणे, पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्याखाली उभे राहणे हे सारे जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

दुसरी समजूत खपलीची. खपली धरली की जखम 'सुकली' असे आपण म्हणतो आणि म्हणूनच ती उघडी टाकतो, पंख्याखाली धरतो. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने 1962 साली 'नेचर' या नियतकालिकात डुकरांच्या कातडीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली; उघड्या, खपली धरलेल्या जखमा मागे राहिल्या. कारण सरळ आहे. कातडीच्या नव्या पेशी कडेकडेने आणि केसांच्या मुळांपासून सरकत येतात. वर कडक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून वाट पोखरावी लागते. तेव्हा जखम धुतल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि वर गॉजची छोटी पट्टी लावावी. जेली नव्या ट्यूबमधली असावी. घरातल्या सर्वांची बोटे ज्या डबीत जातात ती नको. ओलसर म्हणजे घामट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडच्या दमट हवेत तीन-तीन दिवस तीच चिकटपट्टी ठेवली तर कडेची कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होते. पट्टी रोज बदलावी, आणि सकाळच्या लोकलमध्ये घामाघूम होऊन ऑफिस गाठणाऱ्यांनी घरी आल्यावर लगेच बदलावी.

"पण डॉक्टर, नुसते व्हॅसलीन? काही औषध नको?" हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतील लष्करी रुग्णालयातल्या सुमारे नऊशे त्वचारुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि तो 1996 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या जखमेला प्रतिजैविक मलम, निम्म्यांना साधी पेट्रोलियम जेली. जंतुसंसर्ग दोन्हींकडे फारच थोड्यांना झाला आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट आपल्या घराघरांत असलेल्या निओमायसिनच्या पावडरी आणि त्याच जातीची फ्रामायसेटिनची मलमे काहींना चांगलीच बाधतात. जखमेभोवती खाज, लाली, पाणी सुटणे सुरू होते. घरचे म्हणतात जखम चिघळली आणि तेच मलम दुप्पट लावतात! पावडरीचा आणखी एक दोष असा, की ती जखमेतल्या पाण्याने थिजून सिमेंटसारखी बसते. मलम औषध म्हणून लिहून दिले असेल तर जरूर वापरावे. दुकानदाराने काउंटरवरून सरकवलेली तीन-चार औषधांची मिसळ असलेली ट्यूब मात्र नको. अशा बहुतेक ट्यूबांत स्टिरॉइड असते, त्याने जखम भरणे लांबते. 2018 साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. ती किती पाळली जाते हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. निर्भेळ डेटॉल, स्पिरिट आणि फेसाळणारे पेरॉक्साइड हेही रोज ओतायचे पदार्थ नव्हेत. ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात.

हळदीबद्दल बोलले की वातावरण तापते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 साली एका विद्यापीठाने घेतले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ते आव्हान देऊन 1997 साली रद्द करवले. प्रत्येक मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो. पण तो वाद काय होता? हा उपयोग नवा शोध नाही, आमच्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, इतकेच सिद्ध करायचे होते आणि ते झाले. वाण्याकडची पुडीतली हळद ताज्या टाक्यांवर थापावी, असे त्या निकालात कुठेही नव्हते. पुडीतल्या हळदीत धूळ असते, जंतू असतात, कधी भेसळही असते. शिवाय ती लावली की जखमेची लाली दिसेनाशी होते, आणि लाली वाढते आहे का हे पाहणे हेच तर आपले काम. कॉफी, तंबाखू, टूथपेस्ट, चुना यांना तर उत्तर देण्याचीही गरज नाही.

खाण्याचे पथ्य हा असाच एक छळ. भात, दही, आंबट, वांगे, डाळ खाल्ल्याने पू होतो म्हणून आजीबाई सुनेला पंधरा दिवस चहा-चपातीवर ठेवतात. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासळी, जे घरात शिजते ते खाऊ द्यावे. बंद करायची ती तंबाखू आणि विडी-सिगारेट. निकोटिनने कातडीचे रक्त आटते आणि जखम रेंगाळते.

पथ्य खरे कुणाला असेल तर मधुमेह्यांना. एका गृहस्थांनी पायाचे कुरूप काढल्यावर ठणका बसावा म्हणून मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवला. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, पाणी किती कढत आहे हे त्यांना समजलेच नाही. कुरपाची जागा बोटभर होती, भाजला तो अर्धा तळवा. बोट वाचावे म्हणून दीड महिना धावपळ झाली, तरी करंगळी गेली. मधुमेह्याच्या पायाला चाकू लावण्यापूर्वी रक्तातली साखर पाहावी, आणि नंतर दर दोन दिवसांनी जखम डॉक्टरांना दाखवावी.

रक्त आले तर घाबरू नये. बधिर करण्याच्या इंजेक्शनात बऱ्याचदा रक्तवाहिन्या आकसणारे औषध असते. त्याचा अंमल उतरला की काही तासांनी थोडे रक्त येऊ शकते. स्वच्छ घडी ठेवून घड्याळ लावून वीस मिनिटे दाबून धरावे. दर मिनिटाला उचलून पाहिले तर गुठळी मोडते. एवढ्याने थांबले नाही तर दवाखाना गाठावा. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पू कोणता आणि पाणी कोणते, यातही गल्लत होते. पहिले तीन-चार दिवस स्वच्छ पिवळसर पाणी आणि तळाशी फिकट साय दिसणे हे बरे होण्याचेच लक्षण. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली पसरू लागली, जागा गरम लागली, घट्ट वासाचा पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दाखवावे.

टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांत निघतात, पाठीचे व पायाचे दहा ते चौदा दिवसांत. निघाले म्हणजे कातडी पक्की झाली असे नाही. दोन आठवड्यांनी जखमेत मूळ कातडीच्या दहाव्या हिश्शाइतकीही ताकद नसते. पाठीवर टाके असलेल्याने खांद्यावर सॅक अडकवून साडेआठच्या गर्दीत शिरू नये, हे बदलापूरकरांना सांगायला नकोच. पण दोन दिवस रजा घ्या म्हटले की सगळे हसतात. चेहऱ्यावरच्या जखमेला काही महिने ऊन लागू देऊ नये, आपल्या सावळ्या कातडीवर डाग चटकन काळा पडतो.

यातले बरेचसे शस्त्रक्रियेच्या वेळीच सांगायला हवे, आणि तोंडी नव्हे. घाबरलेल्या माणसाच्या कानावर पडलेले त्याच्या लक्षात राहत नाही. आम्हा डॉक्टरांनी बिलासोबत मराठीत छापलेला एक कागद द्यावा, असा माझा आग्रह आहे. त्याला खर्च रुपया-दोन रुपये. कुणी देत नसेल तर रुग्णाने मागावा, त्यात संकोच कसला?

आणि काढलेला तुकडा कुठे गेला हेही विचारावे. वाढत चाललेला, रंग बदलणारा, रक्त येणारा काळा डाग भाजून टाकू नये. तो कापून बायॉप्सीला पाठवायचा असतो, कारण भाजल्यावर तपासायला काही उरत नाही. टाके काढायला जाल तेव्हा रिपोर्ट आला का हे विचारा, आणि त्याची प्रत घरच्या फाईलला लावा.