शंभर कमी पडले, खातं उणे झालं!

आमच्या आत्याच्या खात्यात ११०० रुपये, कर्जाचा हप्ता १२००. शंभर कमी पडले म्हणून हप्ता परत गेला आणि बँकेने कापले ५९०: पाचशे दंड, वर ९० जीएसटी. शिल्लक घटली म्हणून मग दोनदा ‘किमान शिल्लक’चा दंड, आणि खातं थेट उणे. दुष्काळात तेरावा महिना!

साहेब म्हणतात, "सिस्टीम कापते हो." मग सिस्टीमला नियम कोणी शिकवायचे? रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे: शिल्लक कमी झाली तर आधी कळवा, महिनाभर मुदत द्या, तुटीच्या प्रमाणातच दंड लावा, आणि त्या दंडापायी खातं उणे करू नका. आत्याला साधा एक मेसेज नाही. स्टेट बँकेने २०२० मध्ये हा दंडच बंद केला, बुडाली का?

मंडळी, पासबुक भरून घ्या. असं दिसलं तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, फुकट. आणि ‘बेसिक’ बचत खातं मागा, त्यात किमान शिल्लकच लागत नाही (बँकवाले आपणहून सांगायचे नाहीत).

आत्याचा अर्ज लिहिलाय. सोमवारी शाखेत जातोय. आणखी कोणाचं असं झालं असेल तर पासबुक घेऊन या.