अटकळ आणि रीत

वर्गसमीकरणाचें सूत्र पाठ झालें, कीं बीजगणित आलें, अशी समजूत आमच्या पुष्कळ घरांतून दृढ झालेली आहे. मग घनसमीकरण पुढें आलें आणि सूत्र हाताशीं नसलें, म्हणजे मुलगा कावराबावरा होतो, आणि एखाद्या मुलीनें अटकळीनें उत्तर काढिलेंच, तर “रीत कोठें आहे?” म्हणून वडील मंडळी तिलाच दटावितात. या वादांत आम्ही भास्कराचार्यांनाच साक्षीस बोलावितों.

आचार्यांच्या बाराव्या शतकांतील ‘बीजगणितां’त एक उदाहरण आहे. राशीच्या बारापटींत तिचा घन मिळविला असतां राशिवर्गाची सहापट अधिक ३५ एवढें फल येतें. तर राशि कोणती? सर्व पदें एकीकडे आणिलीं, म्हणजे क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ ही बहुपदी मिळते. क्षच्या ज्या किंमतीनें ती शून्य होते, तें तिचें शून्य.

आतां अटकळ करावयाची, ती आंधळी नव्हे. ३५ पलीकडे नेऊन क्ष सामाईक काढावा: क्ष(क्ष² − ६क्ष + १२) = ३५. क्ष पूर्णांक असेल, तर कंसही पूर्णांकच; अर्थात् क्षनें ३५ ला निःशेष भाग गेलाच पाहिजे. शिवाय क्ष ऋण धरिल्यास चारही पदें ऋण होतात व त्यांची बेरीज शून्य होणें अशक्य. तेव्हां १, ५, ७ व ३५ या चारच संख्या उरल्या. पैकीं ५ घालून पाहावा: १२५ − १५० + ६० − ३५ = ०.

येथेंच थांबूं नये. ५ हें शून्य, म्हणून क्ष − ५ हा अवयव. त्यानें भागिलें असतां क्ष² − क्ष + ७ उरतें. पाठ केलेलें सूत्र येथें कामास येतें: १ − २८ = −२७. ऋण संख्येस वास्तव वर्गमूळ नाहीं. म्हणून वास्तव शून्य एकटें ५, बाकीचीं दोन काल्पनिक.

आचार्यांची युक्ति याहून सुटसुटीत आहे. मूळच्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून ६क्ष² व ८ वजा केले, कीं एकीकडे क्ष − २ चा घन व दुसरीकडे २७ राहतात; घनमूळें घेतां क्ष − २ = ३. परंतु ही युक्ति दुसऱ्या घनसमीकरणास लागू पडेलच, असें नाहीं.

घनसमीकरणाचें सर्वसामान्य सूत्र इटलींतील कार्दानो याच्या ग्रंथांत १५४५ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र पांचव्या घातापासून पुढें, केवळ चार मूलक्रिया व मूळें काढणें यांवर चालणारें सर्वसामान्य सूत्र असूंच शकत नाहीं, हें नॉर्वेच्या आबेलनें १८२४ सालीं सिद्ध केलें. आजचीं गणकयंत्रेंही तेथें प्रथम एक अंदाज घेतात व तो पायरीपायरीनें सुधारीत उत्तराच्या निकट जातात.

तेव्हां मुलीस दटावण्याऐवजीं “हीच संख्या तुला कां सुचली?” असें विचारावें. ३५ चे भाजक तिला सांगतां आले, तर रीत तिच्यापाशीं आहेच. न आले, तर शिकवणीचा आरंभ तेथूनच करावा. दटावणीनें मात्र अटकळ जाते आणि रीतही येत नाहीं.