फूल टाकणारा हात

उर्से हे नाव अनेकांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील पथकर नाक्यामुळे ठाऊक असते. मावळातील या गावाच्या आसपास कारखाने आले, त्यामागोमाग नोकरदार कुटुंबे आली. जिथे आई-वडील पाळीवर किंवा प्रवासात असतात, त्या घरांत नातवंडांची संध्याकाळ आजी-आजोबांच्या स्वाधीन असते. नातू किंवा नात बॅडमिंटन शिकू लागली, की तिला सरावाला नेणे, बाकावर बसून राहणे आणि परत आणणे, एवढेच काम ज्येष्ठांच्या वाट्याला येते. वाचकहो, त्या बाकावरून उठून, किंवा बसूनच, आपण याहून पुष्कळ अधिक करू शकता.

बॅडमिंटन आपल्या जिल्ह्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्याचे आरंभीचे नियम 1870 च्या दशकात पुण्यातच आकाराला आले आणि काही काळ खेळालाच ‘पूना’ म्हणत. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असतील. ते आधी टेनिस खेळत आणि मग बॅडमिंटनकडे वळले. 1956 साली मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. ही गोष्ट नातवंडांना आपल्याच तोंडून कळावी.

आता शिकवण्याविषयी. नवशिक्या मुलाची खरी अडचण पुष्कळदा पालकांच्या लक्षात येत नाही. दोन नवशिकी मुले समोरासमोर उभी केली, तर एकाने मारलेले फूल दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचतच नाही. दोघांचाही बहुतेक वेळ फूल उचलण्यात जातो, आणि थोड्याच दिवसांत मूल म्हणते, ‘मला नाही जमत.’ वास्तविक त्याला मारण्याजोगे फूलच मिळालेले नसते. म्हणून जाणते प्रशिक्षक आरंभी जाळीपलीकडून रॅकेटने फूल मारत नाहीत. ते हाताने, हळूवार, एकाच जागी, पुन्हा पुन्हा फूल टाकतात. वर्गात मुले अनेक आणि प्रशिक्षक एक असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला अशी फुले थोडीच येतात. ही उणीव घरी भरून काढता येते. त्यासाठी खेळाडू असण्याची गरज नाही, धीर हवा. तो आपल्याजवळ आहे.

पद्धत सोपी आहे. न हलणारी, हात टेकवता येईल अशी खुर्ची घ्यावी. मूल उजव्या हाताने खेळत असेल, तर आपण त्याच्या डाव्या बाजूला, दोन-तीन पावले अंतर राखून बसावे. मुलाचे तोंड भिंतीकडे किंवा जाळीकडे असावे. फूल टोकाच्या बुचाशी धरून, हात खांद्याच्या खालीच ठेवून, मुलाच्या पुढ्यात कमरेच्या उंचीवर अलगद टाकावे. मुलाने ते खालून वर, समोर उडवावे. दहा फुले टाकून झाली की थांबावे, आणि ती मुलानेच गोळा करून आणावीत. त्यात त्याचा व्यायाम होतो आणि आपल्याला वाकावे लागत नाही. वाकून एकदम उठताना ज्येष्ठांना, विशेषतः रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना, चक्कर येऊ शकते.

समोरासमोर बसणे टाळावे. बॅडमिंटनचे फूल डोळ्याच्या खोबणीत मावेल एवढे लहान असते आणि जवळून लागल्यास गंभीर इजा होऊ शकते. साध्या काचेचा चष्मा हे संरक्षण नव्हे, कारण तो फुटून अधिक अपाय होतो. मोतीबिंदूची किंवा डोळ्यांची अन्य शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून हे काम करू नये.

मुलाकडे पाहताना पहिली गोष्ट तपासावी ती पकड. रॅकेट उभी धरून तिच्या मुठीशी हस्तांदोलन करावे तशी ती धरायची असते. मूठ आवळलेली नको. फूल मारण्याच्या क्षणीच बोटे घट्ट व्हावीत. तव्यासारखी आडवी पकड लहानपणी सोयीची वाटते, पण एकदा मुरली की मोडणे कठीण जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी फुगा उडवू द्यावा. फुगा सावकाश खाली येतो आणि नजर व हात यांचा मेळ बसतो. रॅकेट लहान व हलकी असावी. पिसांचे फूल महाग असते आणि लवकर मोडते, म्हणून आरंभी नायलॉनचे पुरेसे आहे. डोक्यावरून जोरात मारण्याची घाई नको. पाय, तोल आणि पकड बसल्यावर तो फटका आपोआप सोपा होतो.

मावळात वारा आणि पाऊस यांचा विचार करावाच लागतो. फुलाचे वजन जेमतेम पाच ग्रॅम, त्यामुळे मोकळ्या पटांगणात वारा सुटला की शिकणे संपते. जागतिक महासंघाने 2019 साली मैदानी बॅडमिंटनसाठी वाऱ्यात टिकणारे वेगळे फूल आणले, पण घरच्या सरावाला इमारतीचा आडोसा आणि सकाळची शांत वेळ पुरते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर किंवा शेवाळलेल्या अंगणात मुलाला धावू देऊ नये आणि स्वतःही पाऊल टाकू नये. बंद दालनातील सरावासाठी रबरी तळव्याचे बूट घ्यावेत.

एक मोह मात्र आवरावा. तरुणपणी आपण उत्तम खेळत असलात, तरी नातवासमोर अचानक धावून फटका मारू नये. टाचेमागील शिर तुटण्याचा धोका या खेळात मोठा आहे, आणि वाढत्या वयात शरीर न तापवता खेळल्यास तो वाढतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके घेतल्यावरही, विशेषतः साठीनंतर, ही शिर दुबळी होऊ शकते. छातीत जडपणा, धाप किंवा गरगर जाणवली तर ताबडतोब थांबावे. घरातील काळजीवाहकांनी आरंभी जवळ राहावे आणि दहा मिनिटांपलीकडे सत्र नेऊ नये.

मुलाच्या दुखण्याकडेही आजी-आजोबांचेच लक्ष आधी जाते. आठ ते चौदा या वयात टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखणे पुष्कळ मुलांत आढळते. वाढत्या हाडावर शिरांचा ताण पडल्याने ते होते. मूल लंगडत असेल किंवा खेळानंतर दुखणे रात्रीही राहत असेल, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून न देता खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी बोलण्याविषयी. सरावावरून परतणाऱ्या मुलाला सहसा पहिला प्रश्न येतो, ‘जिंकलास का?’ पहिल्या वर्षी या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते, आणि ते रोज द्यावे लागले तर मूल खेळ सोडते. त्याऐवजी फुले मोजावीत. आज सलग किती फुले भिंतीपर्यंत गेली? काल चार, आज सहा. हा आकडा मुलाचा स्वतःचा असतो, त्यात कोणी हरत नाही. आपण टाकलेल्या प्रत्येक फुलागणिक मोठ्याने मोजावे आणि चुकलेल्या फुलावर काही न बोलता पुढचे टाकावे.

या पंधरवड्यात एवढेच करून पाहावे: सहा नायलॉनची फुले, एक भक्कम खुर्ची, दिवसाकाठी दहा मिनिटे. पहिल्या दिवसाचा आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि पुढील अंक हाती येईल त्या दिवसाचा आकडा नातवंडाकडूनच त्याच्या शेजारी लिहवून घ्यावा.